घारीमागे गेलेली जोडीदारीण

आपल्या पुढे कोणी गेलेलं जिला एकदाही सोसलं नाही, अशी मुलगी भंडारा जिल्ह्यात मी एकच पाहिली, आणि नेमकी तीच ग्लायडरच्या कोर्सात जोडीदारीण म्हणून माझ्या वाट्याला आली. सकाळच्या दौडीत ती कोर्स घेणाऱ्या सरांच्या पुढे पळायची. मेसच्या रांगेत ती कशी कोण जाणे पहिली झालेली असायची, आणि मागचे सगळे आपण हिला जागा का दिली याचा विचार करत ताटं धरून उभे असायचे. शेजारच्या नळावरची मुलगी आपल्याआधी चूळ भरणार असं दिसलं, तर ही अर्धे दात तसेच सोडून मोकळी व्हायची. एकदा आम्ही दोघी सायकलने करडीला किराणा आणायला निघालो, तर मागून आलेली बस आम्हाला ओलांडून गेली. एवढं पुरलं. थांब्यावर बस प्रवासी घ्यायला थांबली की ही तिच्या पुढे, बस सुटली की बस हिच्या पुढे, पुढच्या थांब्यावर परत ही. करडी येईस्तोवर बसचा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून हिलाच हुरूप द्यायला लागला होता. किराण्याची पिशवी आणि यादी मात्र माझ्याकडे होती, आणि मी अजून अर्ध्या वाटेवर होते.

तो कोर्स आमच्यासारख्या कॉलेजातल्या कॅडेटांसाठी होता. करडीच्या रस्त्याला माळावर एक जुनी धावपट्टी होती, तिथे हिवाळ्यात तंबू पडायचे आणि दोन ग्लायडरं यायची. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विंच नावाचं यंत्र असतं, त्याची लांबलचक तार ग्लायडरच्या पोटाला अडकवायची. यंत्राने तार गुंडाळायला घेतली की ग्लायडर पतंगासारखं वर चढतं, वर गेल्यावर तार सोडून द्यायची, आणि मग खाली येईपर्यंत तुम्ही आणि वारा. जमिनीवर मात्र हे पाखरू एका चाकावर उभं असल्यामुळे एका अंगाला कलंडलेलं असतं. म्हणून सुटताना एकाने पंखाचं टोक समतोल धरून चार पावलं सोबत धावावं लागतं. यासाठी सरांनी आमच्या जोड्या लावल्या होत्या. एकीने उडायचं तेव्हा दुसरीने पंख धरायचा.

मी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेली. बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, आई रविवारी विहारात, घरात प्रत्येक वस्तूला तिची जागा आणि प्रत्येक कामाला त्याची वेळ. पोरगी हवेत जाणार याची बाबांना भीती वाटली नाही. फॅक्टरीच्या बाजूला जायला मनाई असते, तिकडे ती चुकून गेली तर साहेब काय म्हणतील, एवढीच त्यांना काळजी होती. अशा घरातून आलेल्या मला ही बया जोडीदारीण मिळाली, तिच्या पेटीत गणवेशावर लोणच्याची बरणी आडवी ठेवलेली होती, आणि पहिल्याच दिवशी तिने माझ्या खाटेवर बसून मला विचारलं, "तू कोणाची वं? हात दाखव." मी हात पुढे केला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "घट्ट हाये. पण पाहू."

या हातपाहणीचं मूळ तिच्या घरात होतं. तिचे आजोबा, म्हणजे आबाजी, शंकरपटातले जुने धुरकरी. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, आणि छकड्यावर बसून जोडी हाकणारा तो धुरकरी. करडीच्या पुढे तलावाकाठी त्यांचं गाव, गावाबाहेर पटाचं मैदान, आणि आबाजींची जोडी सुटली की पंचक्रोशीतली माणसं जेवणं टाकून उठायची, असं ती सांगायची. मध्ये काही वर्षं पट बंद होते. त्या सगळ्या वर्षांत आबाजींनी छकड्याच्या आसाला तेल घालणं सोडलं नाही. पट परत सुरू झाले तोवर त्यांची नजर गेली होती. पुढ्यातलं माणूस त्यांना सावलीसारखं दिसायचं, त्यापलीकडे काही नाही. मग त्यांनी सगळी विद्या नातीत ओतली, आणि नातीने ती बैलांना लावायच्या आधी ग्लायडरला लावली.

आबाजींचा पहिला धडा होता की कासरा सैल धरावा. त्यामुळे ती जगातली कुठलीही वस्तू दोन बोटांत धरायची. चहाचा कप, पेन, सायकलचं हँडल, सगळं. ग्लायडरची दांडीही तशीच. मी मात्र दांडी अशी आवळायची की खाली उतरल्यावर बोटं उघडायला वेळ लागायचा. "घट्ट धरलं का त्याले समजते तू भेऊन राहिली म्हणून," ती मला समजवायची. "मंग तो तुयं काहून आयकन?" तो म्हणजे ग्लायडर. दोन्ही ग्लायडरांना सरांच्या लेखी आकडे होते, हिने मात्र एकाचं नाव सोन्या आणि दुसऱ्याचं पाखऱ्या ठेवलं. रोज सकाळी उडण्याआधी ग्लायडर तपासायचं असतं. आम्ही सगळे छापील क्रमाने खिळे, तारा, बिजागऱ्या बघत जायचो. ही आधी समोर उभी राहून त्याचं तोंड बघायची, मग नाकावरून हात फिरवायची, चाक दाबायची, आणि एकदा तर सरांना म्हणाली, "सर, पाखऱ्याच्या डाव्या अंगात आज सुस्ती हाये." सरांनी तिला भरपूर सुनावलं. मग स्वतः जाऊन डावा पंख तपासला. पंखात काहीही बिघाड नव्हता. "मंग त्याले झोप झाली नसन," ती म्हणाली, आणि सर पाठ फिरवून लांब निघून गेले. ते हसायला गेले होते असं मला अजूनही वाटतं.

ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असला की तुम्ही नीट चालला आहात, तिरपा झाला की तुम्ही हवेत कुशीवर घसरता आहात. इतक्या महागाच्या यंत्रात एवढी साधी वस्तू बघून तिला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पाखऱ्यावरचा पांढरा धागा गायब आणि त्याच्या जागी लालभडक धागा. तो तिने आबाजींच्या जिंकलेल्या बैलाच्या गोंड्यातून काढून आणला होता. सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, पांढरा उन्हात दिसत नाही जी." हे खरंच होतं. लाल धागा राहिला.

काट्यांशी तिचं कधी जमलं नाही. मागच्या सीटवरून सर ओरडायचे, "वेग किती?" ही सांगायची, "बरोबर हाये सर." काट्याकडे बघून सांग म्हटलं की बघायची, आणि वेग खरंच बरोबर असायचा. हवा काचेवरून जाताना जो आवाज होतो त्यावरून तिला कळायचं. "आणि आवाज बंद पडला तर?" असं सरांनी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तं मंग पडलोच न सर."

पण सरांचा जीव टांगणीला लावला होता तो या कशानेच नाही, तर तिच्या पुढे जाण्याच्या खोडीने. दोन ग्लायडरं एकाच वेळी हवेत असली आणि दुसरं पुढे दिसलं, की हिचं नाक आपोआप खाली जायचं आणि वेग वाढायचा. सर दांडी आपल्या हातात घ्यायचे. "ही शर्यत नाही, कॅडेट." "हो सर." आणि पुन्हा तेच. बाकी सगळं चोख असूनही त्यामुळे सर तिला एकटीला सोडेनात. आणि एकटं उडणं हाच सगळा कोर्स होता. एकटा उडून आला त्याच्या छातीवर पंखांचा बिल्ला लागणार, राहिला तो हजेरी लावून घरी जाणार.

पहिल्यांदा एकटं उडून खाली उतरलेल्या कॅडेटच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायचं, अशी तिथली रीत होती. सरांनी पहिल्याच दिवशी ती समजावून सांगितली होती. "पाणी कुणी ओतायचं? जो खाली उभा राहून वर बघत होता, त्यानं. दुसऱ्या कुणी ओतलं तर ती नुसती आंघोळ." माझ्यावर हिने पाणी ओतलं तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते आणि ही माझ्यापेक्षा जास्त खूश होती. एकेक करत सगळे भिजले. हिची बादली रिकामी तशीच तंबूच्या दाराशी पालथी पडलेली. एकदा त्या बादलीवर बसून तिने मला खरी गोष्ट सांगितली. गावात ती सांगून आली होती की मी एकटी उडून येईन. "आबाजी म्हणते, गेली का मले सांगजो, मी वर पाहीन. आता सांग, त्यायले दिसत नाही. आन् पाखऱ्याले आवाज नाही. मी गेली तरी त्यायले कसं समजन?" ती नेहमीच्या सुरात बोलत होती, पण बोटं बादलीच्या कडेला घट्ट धरलेली होती. तिचे हात घट्ट झालेले मी तेवढे एकदाच पाहिले.

उड्डाणाच्या शेवटच्या दिवशी दुपारी सर तिच्याबरोबर एक फेरी मारून उतरले, मागच्या सीटचे पट्टे नीट बांधून ठेवले आणि म्हणाले, "जा. तार सोडायची, धावपट्टीला एक वळसा घालायचा, उतरायचं. पुढे कोणी नाही. आकाश रिकामं आहे. कळलं?"

"हो सर," ती म्हणाली.

मी पाखऱ्याचा पंख उचलून समतोल धरला. पटात जोडी सुटायच्या आधी बैलांना माणसं धरून ठेवतात, आणि धुरकऱ्याने सांगितल्यावरच सोडतात. तिने पहिल्या दिवसापासून मला तीच सवय लावली होती. काचेतून तिने मान वळवली. "सोड वं," ती म्हणाली. तार ताणली, मी चार पावलं धावले, पंख माझ्या हातातून हलका झाला आणि ती गेली.

चढण सुरेख, तार सुटली ती सुरेख, पहिलं वळण तर असं की सरांनी दुर्बीण खाली घेतली. आणि तेव्हाच धान कापून झालेल्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या वाफ्यांवरून, एक घार तरंगत वर आली आणि पाखऱ्याच्या बरोबर पुढून निघून गेली. सरांनी आकाश रिकामं आहे असं सांगताना घार धरली नव्हती. मी सरांकडे बघितलं नाही. पाखऱ्याचं नाक घारीकडे वळताना मला दिसत होतं.

गरम होऊन वर चढणारी हवा कुठे आहे ते घारीला बरोबर कळतं. ती गोल गोल चढली, तिच्यामागे पाखऱ्याही चढला, आणि वारा दोघांना घेऊन धावपट्टीपासून दूर चालला. सरांनी वायरलेस उचलला. "परत ये."

"येऊन राहिली सर."

ती येत नव्हती. जरा वेळाने तिचा आवाज आला, "सर, तलाव आला." पाण्यावरची हवा थंड, ती ग्लायडरला खाली बसवते, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. आता ती उलट्या वाऱ्यात धावपट्टीपर्यंत पोचणार नव्हती. खाली सगळ्या धानाच्या बांध्या, दर थोड्या अंतरावर मातीचा बांध. बांधावर ग्लायडर उतरलं तर काय होतं, तेही वर्गात शिकलो होतो. "जागा बघ," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. वायरलेसवर उत्तर आलं नाही. पाखऱ्या झाडांच्या मागे उतरत गेला आणि दिसेनासा झाला.

जीपमध्ये सर, ड्रायव्हर आणि मी. मी दोन्ही हातांनी सीटची पट्टी आवळून धरली होती, आणि मनात एकच चाललं होतं की पंख मीच सोडला. रस्ता तिच्या गावाकडे वळला तशी पुढे माणसं पळताना दिसली. त्यातला एक पोट्टा आमच्याकडे बघून ओरडला, "पटावर उतरली जी, पटावर!"

दुसऱ्या दिवशी गावात पट भरायचा होता. मैदान झाडून, दगड वेचून, पाणी मारून तयार केलेलं, सरळसोट, कुठे बांध नाही, खड्डा नाही. साऱ्या मुलखात ग्लायडर उतरवायला तेवढी एकच जागा होती, आणि ती तिला डोळे मिटूनही सापडली असती. पाखऱ्या त्या मैदानाच्या मधोमध उभा होता. त्याचे दोन्ही पंख दोन धुरकऱ्यांनी बैल धरावेत तसे धरून ठेवले होते, आणि नाकाला गुलाल लागला होता. पलीकडच्या टोकाला झेंडी घेऊन उभा असलेला पंच मला आधी दिसला. उद्याची तालीम करत होता, आणि पाखऱ्या समोरून आल्यावर सवयीने त्याच्या हातून झेंडी पडली होती. आता ही वेळ मोजायची की नाही यावर त्याचं दोघांशी भांडण चाललं होतं. "जोडी नाही न गा," एक म्हणत होता, "एकटीच आली."

ती ग्लायडरजवळ उभी होती. अख्खी. मला रडू आलं आणि तिला मारावंसंही वाटलं. तिची आई कळशी घेऊन आली होती. पट जिंकून जोडी घरी आली की घरची बाई बैलांच्या पायांवर पाणी घालते, तशी ती माउली पाखऱ्याच्या चाकावर पाणी घालत होती. चाक झालं तशी तिने उरलेली कळशी मुलीच्या पायांवर ओतली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, थोडं पाणी तिच्या डोक्यावरही ओतलं.

आबाजी पंखावर हात ठेवून हळूहळू चालत होते. नाकापासून टोकापर्यंत, परत नाकाशी, मग दुसऱ्या पंखावरून. लाल धाग्यापाशी त्यांची बोटं थांबली. "हा आपला गोंडा होये," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण याची जोडी कोठी हाये?"

"माई जोडीदार आली पाहा आबाजी," ती म्हणाली आणि मला पुढे ओढलं. आबाजींनी माझा हात हातात घेतला. अजून तो आवळलेलाच होता. "हिचा हात घट्ट हाये," ते नातीला म्हणाले, "पण सोडला बरोबर."

तेवढ्यात सर येऊन उभे राहिले. तिने कडक सलाम ठोकला. केसांतून पाणी गळत होतं.

"मी काय सांगितलं होतं?" सर म्हणाले.

"एक वळसा, सर."

"मग?"

"घार समोर गेली सर," ती म्हणाली. "मले पुढं जाऊन दाखवून राहिली होती."

गर्दीतले म्हातारे धुरकरी समजूतदारपणे माना हलवू लागले. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुझ्या हातून माणूस मरू शकतं, हे तुला कळतं? तू स्वतः मेली असतीस." तिची मान खाली गेली. "ज्या धावपट्टीवरून उडालीस तिथे उतरायचं, हा एकट्याच्या उड्डाणाचा नियम आहे. तुझं उड्डाण मी धरू शकत नाही."

मलाच राहवलं नाही. आयुष्यात कुठल्याही सरांना उलटून न बोललेली मी म्हणाले, "सर, तिच्यावर पाणी पडलंय."

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं आता मीही घरी जाणार. मग त्यांनी तिच्या आईकडे बघितलं. ती कळशी छातीशी धरून उभी होती.

"बाई, तुम्ही वर बघत होता का?" सरांनी विचारलं.

"सकाळपासून पाहून राहिली जी," ती म्हणाली. "रोजच पाहतो आमी. आज आली."

सरांनी टोपी काढली, परत घातली. पाखऱ्याच्या काचेवरचा लाल धागा त्यांनी बोटाने सरळ केला. शेवटी म्हणाले, "मग ती आंघोळ नाही." आणि ग्लायडर रस्त्याने परत न्यायचं म्हणून पंख उतरवायची हत्यारं आणायला ते स्वतःच जीपकडे गेले.

ती घारीमागे गेली की आबाजींसाठी गेली, हे कोर्सातल्या प्रत्येकाने तिला विचारलं. ती शपथेवर घार सांगते. माझा तिच्यावर विश्वास आहे, कारण मी तिला बसच्या पुढे सायकल काढताना पाहिलंय.

त्याला आता काही वर्षं झाली. ग्लायडरं परत तिथे आली नाहीत, धावपट्टीवर लोक धान वाळवतात, आणि आबाजीही गेले. मी शहापूरच्या शाळेत मुलांना वारे आणि ढग शिकवते. तिला पुढे आणखी उडायचं होतं, तिने बरेच प्रयत्नही केले, पण ते जमलं नाही. ती आता करडीच्या रस्त्याला बस चालवते. मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम तिच्या गाडीत, तिच्या अगदी मागच्या सीटवर बसून गेले. स्टिअरिंग दोन बोटांत. काचेला आतून लाल धागा. मागून एक गाडी कर्कश हॉर्न वाजवत आली, आणि माझ्या जोडीदारणीने बस बाजूला घेऊन तिला पुढे जाऊ दिलं. मला धक्काच बसला. "जाऊ दे न वं," ती आरशातून म्हणाली, "मांगं माणसं हायेत." हे तिने इतक्या सहज म्हटलं की मला तिचा अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं.

धावपट्टीजवळच्या थांब्यावर मी उतरले. का ते कळलं नाही, पण माझा हात बसच्या पत्र्यावरच राहिला. बस हलेना. आरशात बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. मग तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सोड वं," ती म्हणाली.

मी चार पावलं सोबत चालले आणि हात सोडला.